बर्फ्यानं बसवलेला एसी

बर्फ्याला बर्फ्या का म्हणतात हे आता गॅरेजच्या गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही. पंधरा वर्षांचा असताना तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या वाहायचा, पाठीवर गोणपाट टाकून, आणि त्या गारठ्यानं डाव्या खांद्याची जी वाट लागली ती कायमची. तिथून तो फ्रिजच्या दुकानात गेला, फ्रिजवरून गाड्यांच्या एसीवर आला. आज पंचावन्नाव्या वर्षी गल्लीतला सगळ्यात जुना एसीवाला तोच. थोरले त्याला बर्फ्या म्हणतात, धाकटे बर्फेकाका म्हणतात, आणि तो दोघांवरही सारखाच खेकसतो.

माणूस कामाला पक्का, तोंडाचा फटकळ, आणि अभिमान तर असा की विचारू नका. गाडी आली की मीटर लावायच्या आधी हा आतल्या हवेच्या जाळीसमोर हाताची मागची बाजू धरणार, डोळे मिटणार आणि सांगणार, गॅस किती कमी आहे ते. नव्वद टक्के वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दहा टक्के वेळा मीटर बिघडलेला असायचा, असं त्याचं म्हणणं.

“जगाला गार करत फिरता आणि आपल्या घरात पंखा घरघरतोय,” बायको म्हणायची.

“अगं, घरात तू आहेस ना डोकं तापवायला. एसी लावून उपयोग काय?”

असं चालायचं दोघांचं. लग्नाला तीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि त्यावरून एकमेकांना कधी लागेल असं बोलले नाहीत. बाकी सगळ्यावरून बोलले. बायकोची जीभ नवऱ्यापेक्षा दोन बोटं लांबच होती. गल्लीतले लोक कामाच्या निमित्तानं घरी यायचे ते खरं तर तिचं बोलणं ऐकायला.

सहा वर्षांपूर्वी तिच्या हातातून कप पडायला लागले. मग पाय अडखळायला लागला. तपासण्या झाल्या, आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नसांवरचं आवरण झिजत जातंय. बर्फ्याचं काम कळल्यावर त्या म्हणाल्या, “वायरीवरचं रबर झिजतं ना, तसं.” हे त्याला लगेच समजलं. रबर झिजलेल्या वायरीचं पुढे काय होतं तेही त्याला समजत होतं, म्हणून त्यानं पुढे काही विचारलंच नाही.

या आजाराचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे उकाडा. अंग जरा तापलं की तिचे पाय गळायचे, मग हात, मग डोळ्यांपुढे धुकं. गार खोलीत तासभर पडलं की पुन्हा ताळ्यावर यायची. दर चार महिन्यांनी त्या हॉस्पिटलात जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं, म्हणजे आजार आहे तिथे थांबतो. पण शहर चार तासांच्या रस्त्यावर. एकदा बसनं गेले तर अर्ध्या वाटेत तिची शुद्ध हरपली. तेव्हापासून आपली गाडी आणि आपला एसी, हाच एक रस्ता उरला.

आणि नेमकं त्या गाडीचं इंजिन बसलं.

एक खेप त्यामुळे चुकली. डॉक्टरीणबाई फोनवर स्पष्ट बोलल्या. तीन आठवड्यांनी, गुरुवारी तीन वाजता घेऊन या, ही खेप चुकली तर जे जाईल ते परत आणणं माझ्या हातात नाही. बर्फ्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ हात पुसत बसला. हात स्वच्छच होते.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच गल्लीत, तीन गाळे सोडून इंजिनाचं काम करतो. भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन त्यानं शोधून आणलं आणि आठवड्यात ताईच्या गाडीत बसवलंही. बसवलं कसलं, दाटीवाटीनं कोंबलं. पण सुरू झालं आणि घड्याळासारखं चाललं. बर्फ्या बघायला गेला, बॉनेटखाली वाकला आणि ओरडला, “अरे, एसीच्या पाइपांची तोंडं उघडी ठेवलीस?”

“भाऊजी, आधी गाडी सुरू झाली ते तर बघा.”

“आत ओल गेली! इतकी वर्षं सांगतोय, इंजिन काढताना पाइपांच्या तोंडाला चिकटपट्टी लावा म्हणून. तुम्हा इंजिनवाल्यांना एसी म्हणजे दारातला भिकारी वाटतो.”

“एसी इंजिनाची ताकद खातो, भाऊजी. आम्हाला नाहीच आवडत तो,” मेहुणा हसत म्हणाला.

हे भांडण गल्लीइतकंच जुनं. इंजिनवाला आणि एसीवाला यांचं कुठे पटलंय!

पुढचे बारा दिवस बर्फ्यानं बाकी सगळी कामं बाजूला सारली. नव्या इंजिनाचा कंप्रेसर डाव्या अंगाला, खाली; गाडीचे पाइप उजवीकडून येणारे. जुना कंप्रेसर बसवावा तर बोल्टचे कान जुळेनात. त्यानं पुठ्ठा कापून माप घेतलं, लेथवाल्याकडून लोखंडी पट्टी कापून घेतली, ती तीनदा चुकली, चौथ्यांदा बसली. कंप्रेसर फिरवणाऱ्या पट्ट्याची लांबी सुतळीनं मोजली. पाइप कापून नवे दाबून घेतले. ओल काढायला व्हॅक्यूमचं मशीन दिवसभर चालू ठेवलं, साबणाचा फेस लावून सांधान् सांधा तपासला. दुखऱ्या खांद्यानं गाडीखाली आडवं पडून काम करताना तो कण्हायचा आणि कण्हण्याच्या मधेमधे मेहुण्याला शिव्या घालायचा. सगळ्यात पुढे, रेडिएटरच्या तोंडावर, त्यानं गॅसची उष्णता बाहेर टाकणारी एसीची नवी जाळी बसवली, आधीपेक्षा मोठी. मंगळवारी गॅस भरला, बटण दाबलं, टक् करून कंप्रेसर चालू झाला, आणि आतल्या जाळीतून अशी गार हवा आली की स्वारी लहान पोरासारखी हसली.

वीस मिनिटांनी पुन्हा टक् झालं आणि एसी बंद पडला. थोड्या वेळानं आपोआप सुरू झाला. पुन्हा बंद.

बर्फ्यानं वायरी शोधल्या, रिले बदलला, डोकं खाजवलं. शेवटी मेहुणा आला आणि म्हणाला, “तुमच्या कामात खोट नाही. इंजिन तापतंय, म्हणून त्याचा कॉम्प्युटर एसी तोडतोय. रेडिएटर जुनाच आहे ना, लहान इंजिनाचा. त्यात तुम्ही त्याच्या तोंडावर ही एवढी मोठी जाळी लावलीत. मोठा रेडिएटर सांगितलाय मी. सोमवारी येईल.”

“गुरुवारी तारीख आहे.”

“माहितीये. म्हणून म्हणतो, गुरुवारपुरती भाड्याची गाडी करू. माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्या गाडीचा एसी चांगला आहे.”

झालं! एसी चांगला आहे, हे शब्द बर्फ्याच्या असे वर्मी लागले की त्याचा चेहराच पडला. “चाळीस वर्षं मी झक मारली का?” तो म्हणाला. “माझी बायको दुसऱ्याच्या एसीत बसून जाईल? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

लोकांना काडीचं पडलं नव्हतं. लोक आपापल्या कामात होते. खरं तर त्या वेळी कुणीतरी त्याच्या कानाखाली जाळ काढायला हवा होता. पण वयानं मोठा, नात्यानं मोठा, कोण काढणार? मेहुणा एवढंच म्हणाला, “आणि त्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. काटा जुन्या गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचा. दोघांची ओळख नाही. काहीही झालं तरी तो अर्ध्यावरच राहतो.”

घरी येऊन त्यानं बायकोला भाड्याच्या गाडीचं सांगितलं, पण अशा तोंडानं सांगितलं की तिनं नाहीच म्हणावं. ती नाहीच म्हणाली. “बारा दिवस गाडीखाली लोळलात ते कुणासाठी? मी जाणार तर आपल्याच गाडीनं. वाटेत बंद पडलीच तर तुम्ही आहात ना बरोबर. भाड्याच्या गाडीत नवरा मिस्त्री मिळतो का?” बर्फ्या खूश झाला. नवरा खूश झाला म्हणून ती खूश झाली. असा तो सगळा खुशीचा मामला.

बुधवारी त्यानं कॉम्प्युटरची वायर तोडली आणि एसी डायरेक्ट केला. म्हणजे बॅटरीवरून सरळ वायर ओढून समोर एक वेगळं बटण लावलं. आता इंजिनानं कितीही बोंब मारली तरी एसी तुटणार नव्हता. गल्लीत हे सगळेच करतात. गिऱ्हाईक म्हणतं, एसी मधेच तुटतो. एसीवाला म्हणतो, डायरेक्ट मारून देतो. गिऱ्हाईक चहा पाजून जातं. बर्फ्यानं आयुष्यात शेकडो गाड्या डायरेक्ट केल्या होत्या आणि एकीचीही तक्रार आली नव्हती. त्या गाड्यांचं इंजिन आणि रेडिएटर एकमेकांसाठी बनलेले होते, हा विचार त्याला शिवला नाही, किंवा शिवला असेल तर त्यानं झटकून टाकला. संध्याकाळी अर्धा तास सपाट रस्त्यावर फिरवून आणली. आत नुसता बर्फ.

गुरुवारी दहाला निघाले. तिच्या पायाशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि एक टॉवेल होता. उकडलं तर ओला करून मानेवर ठेवायला. पण टॉवेलला हात लावायची वेळच आली नाही. तासाभरात ती म्हणाली, “अहो, मागचा स्कार्फ द्या ना.”

“का गं?”

“थंडी वाजतेय मला.” आणि मग तिचं तिलाच नवल वाटून ती हसायला लागली. “सहा वर्षांत पहिल्यांदा, बघा. उन्हाळ्यात थंडी वाजतेय मला! आता तोंड एवढं फुगवू नका, दारातून मावणार नाही.”

बर्फ्याचे कान लाल झाले. ती मग बोलतच राहिली. शेजारणीच्या सुनेवर बोलली, भावाच्या टकलावर बोलली, रस्त्यावरच्या पाट्या वाचून एकेकीची टर उडवली. डोळ्यांपुढे धुकं नव्हतं, पाट्या स्पष्ट दिसत होत्या. पुढे मोठा चढ लागला. दोन्ही बाजूंना उघडा माळ, झाडाचं नाव नाही. चढावर गाडी जरा जड झाली. बर्फ्यानं काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर होता.

हे पाहणं म्हणजे सवय, दुसरं काही नाही. त्या काट्याचं काय ते त्याला सांगितलेलं होतं.

चढ संपता संपता करपल्याचा वास आला, बॉनेटमधून पांढरी वाफ उसळली, आणि इंजिन एक गचका देऊन गप्प झालं. त्यानं गाडी कडेला घेतली. सव्वाबारा वाजले होते. फोनला रेंज नव्हती.

“पाच मिनिटं,” तो म्हणाला. “पाणी कमी झालंय नुसतं.” तिच्या पायाशी वाकून त्यानं पाण्याचा कॅन उचलला. ती काच खाली करायला हात नेत होती. तो म्हणाला, “काच उघडू नकोस. दारही नको. आतला गारवा टिकेल तोवर.”

“बरं,” ती म्हणाली.

एसीवाल्याची अक्कल ही! इतकी वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता, काच लावून ठेवा, गारवा बाहेर जातो. गारवा निर्माण करणारं यंत्र मेल्यावर त्याच बंद काचांची भट्टी होते, हे शेंबड्या पोराला कळतं. याला कळलं नाही. खरं सांगायचं तर त्याचं चित्त तिथे नव्हतंच. त्याच्या डोळ्यांसमोर मेहुण्याचा चेहरा होता. दोरी बांधून गाडी ओढत गल्लीत आणायची आणि सगळ्यांनी दारात उभं राहून बघायचं, ह्या कल्पनेनं त्याला घाम फुटला होता.

त्यानं बॉनेट उघडलं, वाफ जायची वाट पाहिली, फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण हळूहळू सोडलं. हात भाजला. पाणी ओतलं, ते गटागट आत गेलं आणि खालून रस्त्यावर आलं. तो गाडीखाली शिरला. पाइपाचा सांधा सुटला होता. तो आवळला, उरलेलं सगळं पाणी ओतलं. चावी फिरवायला आत जायला हवं होतं, पण आधी तेल बघावं म्हणून त्यानं तेलाची पट्टी ओढली. तेल दुधासारखं पांढरं झालं होतं. म्हणजे हेड गेलं होतं, इंजिनात पाणी शिरलं होतं, सगळं संपलं होतं. तरीही तो तिथेच उभा राहून पट्टी पुसत होता, पुन्हा बुडवत होता, पुन्हा बघत होता.

बॉनेट वर असल्यानं समोरची काच दिसत नव्हती. आतून आवाज आला नाही. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असलेली बाई इतका वेळ गप्प कशी, हे त्याच्या मनात आलं नाही.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, “काय झालं हो?” बर्फ्या सांगायला लागला, इंजिन बदललेलं, रेडिएटर लहान. ड्रायव्हर ऐकत ऐकत बाजूला सरकला आणि त्याचा आवाजच बदलला. “आत बाई आहेत का? अहो, मान टाकलीय त्यांनी!”

दार उघडलं तेव्हा आतून आलेल्या हवेनं बर्फ्या मागे सरला. ती लालबुंद झाली होती, अंग कोरडं, स्कार्फ अजून गळ्यात. तिचा उजवा हात काचेच्या बटणावर पडलेला होता. बोटं बटणावरच होती, फक्त दाबायची ताकद त्यांत उरली नव्हती. दोघांनी उचलून तिला ट्रकमध्ये घातलं. ड्रायव्हरनं आपलं पिण्याचं पाणी तिच्या अंगावर ओतलं आणि हॉर्न दाबून धरला तो पहिलं हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

ती वाचली. चौथ्या दिवशी डोळे उघडले. पण उष्माघात मेंदूत शिरला होता. पाय गेले ते गेलेच, आणि जीभ गेली. म्हणजे तोंडातून आवाज यायचे, पण शब्द एकमेकांत कालवून आल्यासारखे, कुणाला काही कळू नये असे. डॉक्टरांनी तिच्या खाटेपाशी उभं राहून बर्फ्याला विचारलं, “बंद गाडीत किती वेळ होत्या? काच का उघडली नाही कुणी?”

बर्फ्या म्हणाला, “दहा मिनिटं. झोप लागली होती तिला. मला वाटलं, झोपू दे.”

हे बोलून त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

पुढे तेच सगळीकडे झालं. मेहुण्यानं गल्लीत सांगितलं, ताईला झोप लागली. शेजारणींनी आपसात सांगितलं, झोप लागली बिचारीला. बर्फ्यानं गाळा बंद ठेवला. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तोच करतो. कुणाला हात लावू देत नाही. तिचं बोलणंही हळूहळू त्याला एकट्यालाच कळायला लागलं. पाणी, उशी, खिडकी, कूस. घरात कोणी आलं की ती काहीतरी म्हणते आणि तो त्याचा अर्थ सांगतो. लोक म्हणतात, काय सेवा करतो हो बायकोची. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा मेहुणा आला होता. खाटेशेजारी स्टूल ओढून बसला, ताईचा हात हातात घेतला आणि रडवेला होऊन म्हणाला, “ताई, तुला तेवढी झोप लागायला नको होती गं. जागी असतीस तर एक काच खाली केली असतीस.”

तिच्या घशातून आवाज आला. मग पुन्हा आला, मोठा. मान थरथरायला लागली. तोच एक शब्द तीनदा, चारदा, सगळा जीव एकवटून. मेहुणा घाबरला. “काय म्हणतेय? भाऊजी, काय हवंय तिला?”

बर्फ्या दारात उभा होता. त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं.

“पाणी मागतेय,” तो म्हणाला. ग्लास भरून आणला, तिची मान हातावर घेऊन ग्लास ओठांना लावला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं, उशी भिजली. ती त्याच्याकडे बघत होती, त्या दिवशी हॉस्पिटलात बघत होती तशीच. रागानं बघितलं असतं तरी त्यानं सोसलं असतं. पण ती वाट बघत होती.

त्यानं ग्लास खाली ठेवला. टॉवेलनं तिचा गळा पुसला. पुसून झाला तरी टॉवेल हातातच होता.

“जागी होते, म्हणतेय ती,” तो मेहुण्याकडे न बघता म्हणाला. “मी जागी होते. यांनी सांगितलं काच उघडू नको, म्हणून उघडली नाही. मग उघडायला गेले तर हात चालेना. हाक मारायला गेले तर आवाज निघेना.”

एवढं सगळं ती बोललीच नव्हती. एकच शब्द बोलली होती. पण आता ती थरथरायची थांबली आणि तिनं डोळे मिटले.

मेहुण्यानं ताईचा हात हलकेच खाली ठेवला.

“किती वेळ, भाऊजी?” त्यानं विचारलं.

“पस्तीस-चाळीस मिनिटं.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय करत होता तेवढा वेळ?”

“मी,” बर्फ्या म्हणाला, “इंजिन बघत होतो.”